न गंजणारी खीळ

आमचे आजोबा जिंतूर तालुक्यातले शेतकरी. बाजाराच्या दिवशी गाडी जुंपून झाली, पोती भरून झाली, की निघण्याआधी ते मला एकच प्रश्न विचारीत, "पोरा, खीळ बघितलीस का रे?" आखाच्या टोकाशी, चाक बाहेर निसटू नये म्हणून घातलेला तो लोखंडाचा लहानसा तुकडा. गाडीच्या वजनापुढे त्याची किंमत ती काय! एके दिवशी मला खेळायची घाई होती. मी न बघताच "बघितली" म्हणालो. पुढे ओढ्याच्या उतारावर चाक निसटले आणि ज्वारीची दोन पोती चिखलात गेली. आजोबा रागावले नाहीत. तुटलेल्या खिळीचा तुकडा माझ्या हातावर ठेवून एवढेच म्हणाले, "बाहेरून धड दिसती. आतून खाल्लीय बघ."

मी इतिहास शिकवतो. राजे, लढाया आणि तह यांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेणे हा माझा रोजचा धंदा. पण माणसाच्या इतिहासात अशा लहान वस्तूंचीही एक बखर असते, आणि ती कोणी सहसा सांगत नाही. आज तुम्हाला सांगायची आहे ती पुलाच्या खिळीची हकीकत. इंजिनियर मंडळी तिला 'पिन' म्हणतात. पुलाची खीळ मनगटाएवढी असते, कुठे मांडीएवढीही असते. ती कोणत्या धातूची करावी, हा प्रश्न दिसतो साधा. पण त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत.

आधी पुलाला खीळ लागतेच कशाला, ते पाहू. जनाबाईच्या गंगाखेडला जाताना आपण गोदावरी ओलांडतो. पूल आपल्याला जागच्या जागी निश्चल उभा दिसतो. पण कोणताही पूल खरोखर निश्चल नसतो. आपल्या परभणीची हवा कशी आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. थंडीत पारा ५ अंशांपर्यंत उतरतो, वैशाखात ४४ च्या घरात जातो. लोखंड तापले की वाढते. ३० मीटर लांबीची पोलादी तुळई घेतली, तर थंडी आणि उन्हाळा यांच्यामध्ये तिची लांबी जवळजवळ दीड सेंटिमीटरने कमीजास्त होते. वरून ट्रक गेला की ती किंचित वाकते, गेला की सरळ होते. हे हलणे जर सगळीकडून घट्ट आवळून टाकले, तर ताण कुठे तरी साठतो आणि तडा जातो. म्हणून पुलाला सांधे ठेवावे लागतात. आपल्या गुडघ्याला सांधा आहे, दाराला बिजागरी आहे, मोटेच्या चाकाला कणा होता. तशीच काही पुलांच्या सांध्यात खीळ असते. भार तिने पेलायचा आणि हालचालीला वाटही तिनेच द्यायची. अशी दोन कामे एकीच्याच माथी आहेत.

ही युक्ती जुनी आहे. स्कॉटलंडच्या थॉमस टेलफर्डने १८२६ साली वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवर साखळदंडांचा झुलता पूल पुरा केला. त्या साखळीच्या कड्या म्हणजे लोखंडाच्या लांब पट्ट्या. पट्टीच्या टोकाला भोक, आणि भोकातून ओवलेली खीळ. पुढे अमेरिकेत रेल्वेचे शेकडो पूल याच रीतीने उभे राहिले. सुटे भाग कारखान्यात करायचे, नदीवर न्यायचे, भोकाला भोक लावायचे आणि खीळ मारायची. काम झपाट्याने होई, मजुरी वाचे. त्या काळी लोखंड गंजते हे सर्वांना माहीत होते. उपाय एकच होता: रंग द्या, तेल द्या, बघत राहा.

आता यातला शेवटचा शब्द लक्षात ठेवा. बघत राहा. कारण खिळीचा दोष असा, की ती दिसत नाही. तिचा अंगभाग पट्ट्यांच्या आत लपलेला. बाहेर दिसतात ती फक्त दोन टोके. टोकांवर रंग चकचकीत असतो, आणि आत काय चालले आहे ते देवाला ठाऊक.

१५ डिसेंबर १९६७. अमेरिकेत ओहायो नदीवर सिल्व्हर ब्रिज नावाचा पूल होता, १९२८ सालचा. संध्याकाळची गर्दीची वेळ, पुलावर गाड्यांची रांग. बघता बघता अख्खा पूल नदीत कोसळला आणि ४६ माणसे गेली. चौकशीत काय निघाले? साखळीच्या एका पट्टीत, खिळीच्या भोकाच्या कडेला, सुमारे अडीच मिलिमीटर खोल एक तडा. गंज आणि ताण यांनी मिळून चाळीस वर्षांत पाडलेला. सांधा सोडवल्याशिवाय तो कोणाच्या नजरेला पडण्यासारखा नव्हता. त्या धक्क्यानंतर अमेरिकेत देशभरच्या पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचा कायदा झाला.

तरीही १९८३ साल उजाडायचे होते. कनेक्टिकट राज्यात मियानस नदीवर हमरस्त्याचा पूल होता. त्याचा मधला एक गाळा शेजारच्या गाळ्यांना टांगलेला होता. घरातला पाळणा डोळ्यांपुढे आणा. वर कडी, खाली कडी, मध्ये दांडी. तसे कोपऱ्याला वर एक खीळ, खाली एक खीळ आणि दोन्हींना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या. रस्त्यावर डांबराचा नवा थर देताना पावसाचे पाणी वाहून नेणारी भोके बुजवली गेली होती. मग ते पाणी कुठे जाणार? ते सांध्यातून खाली झिरपू लागले, थेट खिळीवर. दहा वर्षे झिरपत राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गंज म्हणजे लोखंड नुसते झिजणे नव्हे. गंज फुगतो. जेवढे लोखंड खाल्ले जाते, त्याच्या कित्येक पट जागा गंज व्यापतो. भिंतीच्या फटीत पिंपळाचे मूळ शिरते आणि चिरा सरकवते ना? अगदी तसे. मियानस पुलाच्या एका कोपऱ्यात खिळीभोवती गंज साचला आणि फुगत फुगत त्याने आतली पट्टी खिळीच्या टोकावरून बाहेर ढकलली. सारा भार बाहेरच्या एकट्या पट्टीवर आला. वरची खीळ थकली, तिला तडा गेला, आणि २८ जूनच्या मध्यरात्रीनंतर सुमारे १०० फुटांचा रस्ता खाली नदीत गेला. अंधारात येणाऱ्या वाहनांना पुढे रस्ताच नाही हे कळले नाही. तीन माणसे मेली, तीन जबर जखमी झाली. ही घटना दिवसा, गर्दीच्या वेळी घडली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

मग साहजिक प्रश्न आला, की खीळ गंजते हाच जर रोग असेल, तर न गंजणारीच खीळ का करू नये?

न गंजणाऱ्या पोलादाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. हॅरी ब्रिअर्ली हा शेफील्डच्या एका भट्टीवाल्या मजुराचा मुलगा. लहानपणीच शाळा सुटली. प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता तो रसायन शिकला. बंदुकांच्या नळ्या आतून लवकर झिजत. त्यांच्यासाठी चांगला धातू शोधण्याचे काम त्याच्याकडे आले. १९१३ साली त्याने पोलादात शेकडा १३ च्या आसपास क्रोमियम घातले. त्याला आढळले, की हा धातू आम्लाला दाद देत नाही, व्हिनेगरने डागळत नाही. बंदूक बाजूला राहिली आणि जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्या तयार झाल्या. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेल घालून अधिक चिवट पोलाद निघाले. आपल्या स्वयंपाकघरातली स्टीलची ताटे-वाट्या त्या दुसऱ्या शाखेतल्या. जुने कपडे बोहारणीला देऊन घासाघीस करून घेतलेला डबा आपल्या आयाबहिणींनी किती मायेने मांडणीवर ठेवला! कलई नको, चिंचेने घासणे नको, आंबट पदार्थ कळकत नाही. खेड्यापाड्यांतल्या बायकांचे कष्ट ज्या शोधांनी कमी केले, त्यांत हा एक.

पण हे पोलाद गंजत का नाही? कारण त्यातले क्रोमियम हवेतला प्राणवायू घेऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार करते. डोळ्यांना तो दिसत नाही. ओरखडा पडला तर हवा लागताच तो पुन्हा धरतो. जखमेवर खपली धरावी तसा. म्हणजे हे पोलाद अमर आहे असे नव्हे. ते स्वतःची जखम स्वतः भरून काढते, एवढेच. आणि त्यासाठी त्याला हवा लागते. सारी मेख येथे आहे. मिठाचे पाणी स्टीलच्या पातेल्यात चार दिवस तसेच ठेवून बघा. तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागतील. मिठातला क्लोराइड हा अंश त्या पापुद्र्याला भोके पाडतो. आणि जेथे फट अरुंद आहे, पाणी साचलेले आहे, हवा पोचत नाही, तेथे ती खपली पुन्हा धरतच नाही. आता सांगा, पुलाच्या खिळीभोवती काय असते? अरुंद फट आणि साचलेले पाणी!

म्हणून जाणकार इंजिनियर 'स्टेनलेस घ्या आणि मोकळे व्हा' असे म्हणत नाही. खीळ निवडताना तो निदान चार गोष्टी विचारतो. लग्न जुळवताना आपण मुलाचे घर, शेती, शेजार आणि स्वभाव बघतो, तशाच.

पहिली गोष्ट ताकदीची. आपली समजूत अशी, की स्टेनलेस म्हणजे सर्वांत बळकट. तसे नाही. पुलाचे साधे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलो भार येईपर्यंत कायमचे वाकत नाही. भांड्यांच्या जातीचे, म्हणजे ३०४ क्रमांकाचे स्टेनलेस मात्र २१ किलोच्या आसपासच हार मानते. म्हणजे खीळ बदलायची आणि जाडी तीच ठेवायची, तर पूल अशक्त होईल. 'ड्युप्लेक्स' नावाची एक मिश्र जात आहे, ती ४५ किलोच्या पुढे टिकते आणि मिठालाही बऱ्यापैकी तोंड देते. याहून कितीतरी कठीण जातीही आहेत. पण पोलाद नको तितके कठीण केले, की खाऱ्या हवेत ते न वाकता एकदम तडकण्याचा धोका असतो. शिवाय बारीक सळईत जी ताकद मिळते, ती मांडीएवढ्या जाड ठोकळ्याच्या गाभ्यात मिळेलच असे नाही. म्हणून मोठी खीळ घेताना कागदावरच्या आकड्यावर न जाता त्याच जाडीच्या नगाची परीक्षा घ्यावी लागते, आणि ध्वनिलहरी सोडून आतून चीर नाही ना हेही तपासावे लागते.

दुसरी गोष्ट हवापाण्याची. आपल्याकडे समुद्र नाही, हे आपले भाग्य. पण आपल्या मराठी मुलखाची एक बाजू सारी समुद्रालाच लागलेली आहे. तेथला धडा गोव्याने घेतला. पणजीजवळ मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तो काही खिळीचा लोखंडी पूल नव्हता, काँक्रीटचा होता. पण खाऱ्या हवेत त्याच्या पोटातले पोलाद गंजत गेले होते, आणि ते बाहेरून दिसत नव्हते. पुढे कित्येक दिवस लोकांना होड्यांनी आणि फेरीबोटींनी नदी ओलांडावी लागली. समुद्रकाठी खीळ घालायची तर तिच्यात मॉलिब्डेनम हवे. ३१६ क्रमांकाची किंवा ड्युप्लेक्स जात हवी. गोदाकाठी तेवढ्या खर्चाची गरज पडेलच असे नाही. जे रत्नागिरीला योग्य ते परभणीला योग्यच असेल, असे नाही.

तिसरी गोष्ट शेजाराची. दोन वेगळे धातू ओल्या जागी एकमेकांना टेकले, की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि हलक्या जातीचा धातू अधिक वेगाने गंजतो. स्टेनलेसची खीळ आणि साध्या पोलादाची पट्टी शेजारी आली, तर नुकसान होते ते पट्टीचे. खीळ लहान आणि भोवतीचे पोलाद मोठे असेल, तर हे नुकसान पसरून सौम्य होते. उलट मोठ्या स्टेनलेसच्या भागात साध्या लोखंडाचा लहान बोल्ट ठोकला, तर तो बोल्ट लवकर खाल्ला जातो. म्हणून सांध्याभोवती रंग नीट हवा, आणि पाणी साचता कामा नये.

चौथी गोष्ट घासण्याची. स्टेनलेसवर स्टेनलेस मोठ्या दाबाने घासले, तर दोन्हींचे पापुद्रे खरवडले जातात आणि धातू एकमेकांना चिकटून सांधा जखडून बसतो. ज्याने घट्ट स्टीलचा बोल्ट सोडवताना मध्येच अडकलेला पाहिला आहे, त्याला हे सांगायला नको. म्हणून खिळीभोवती काशासारख्या वेगळ्या धातूची बाही घालतात आणि वंगण देतात. खीळ गंजली नाही पण फिरलीही नाही, तर ती खीळ कसली?

या चौथ्या गोष्टीची साक्ष आपल्या ओळखीच्या जागी पटेल. जायकवाडीला तुम्ही गेला असाल. नाथसागराचे ते २७ दरवाजे पावसाळ्यात उघडले, की डाव्या-उजव्या तीरावरची गावे सावध होतात. तेथला दरवाजा कमानीसारखा वाकलेला असतो. त्याला मागे पोलादी हात असतात आणि ते हात एका जाड खिळीवर फिरतात. पुलाच्या खिळीची ही सख्खी बहीण. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणावर १७ जुलै १९९५ रोजी असा एक दरवाजा उचलताना एकाएकी मोडला. धरणातले जवळजवळ ४० टक्के पाणी वाहून गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. कारण शोधले तर खीळ तुटलेली नव्हती. पुरेशा वंगणाअभावी ती थोडी गंजली होती, एवढेच. त्या थोड्या गंजाने ती फिरायला जड झाली, आणि तो जडपणा दरवाजाच्या हातातल्या एका टेकूला सोसला नाही. आता अशा खिळी न गंजणाऱ्या पोलादाच्या किंवा क्रोमचा मुलामा दिलेल्या करण्याची रीत आहे. आपल्या जिल्ह्यात पूर्णेवर येलदरी आहे. गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस येथे बंधारे आहेत. त्यांचे दरवाजे उचलणारे सांधे, साखळ्या, चाके यांची निगा म्हणजे काठच्या गावांचा जीव.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. स्टेनलेस साध्या पोलादाच्या कित्येक पट महाग, हे खरे. पण पुलाच्या एकूण वजनात खिळीचा वाटा किती? पोत्यात मूठभर धान्य असते तेवढाही नाही. खीळ बदलायला पूल बंद ठेवावा लागला, तर दवाखान्यात जाणारा रोगी, बाजारात जाणारा कापूस, परीक्षेला निघालेली मुले, सगळ्यांना पन्नास कोसांचा वळसा. म्हणूनच मियानसनंतर अमेरिकेतल्या काही राज्यांनी अशा खिळी बदलताना स्टेनलेस स्टील पत्करले. मला विचाराल तर जी वस्तू लपलेली आहे, बदलायला अवघड आहे आणि जिच्यावर सारा भार आहे, तिच्यात काटकसर करू नये. कठड्याचा रंग साधा असला तरी चालेल.

पण मित्रहो, येथेच थांबलो तर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. मियानसच्या पुलाची खीळ स्टेनलेसची असती, तरी बुजवलेली भोके बुजवलेलीच राहिली असती. पाणी झिरपतच राहिले असते, शेजारच्या पट्ट्या गंजतच राहिल्या असत्या. चांगला धातू आपल्याला सवड देतो. सुट्टी देत नाही. धोका असा, की 'न गंजणारी' हे नाव ऐकले की माणूस बघायचे सोडतो. आणि ज्या दिवशी बघणे सुटते, त्या दिवसापासून गंजाचे राज्य सुरू होते.

१५ जून २०२५ चा रविवार आठवा. पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरला होता. तो कोसळला आणि चार जीव गेले. तो पूल धोक्याचा आहे, हे आधीच माहीत होते. तेथे कोणता धातू वापरावा हा प्रश्न उरलाच नव्हता. माहीत असलेली गोष्ट वेळेवर अमलात आणण्याचा प्रश्न होता.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वर्गात तीन काचेचे पेले ठेवा. एकात साधा खिळा आणि साधे पाणी, दुसऱ्यात खिळा आणि मिठाचे पाणी, तिसऱ्यात तांब्याची तार गुंडाळलेला खिळा आणि मिठाचे पाणी. आठ दिवस मुलांना रोज वहीत नोंद करू द्या. कुठे गंज आधी आला, कुठे अधिक आला, ते त्यांचे त्यांना सापडू द्या. मग त्यांना गावच्या पुलापाशी न्या. पाणी काढून देणारी भोके उघडी आहेत का, कठड्याच्या बुडाशी तांबडे ओघळ आहेत का, सांध्यात पिंपळ उगवला आहे का, हे सुरक्षित जागेवरून पाहू द्या. काही दिसले तर मुलांच्याच अक्षरात ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला पत्र जाऊ द्या. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

आमचे आजोबा आज नाहीत, ती गाडीही राहिली नाही. गावात ट्रॅक्टर आले, सिमेंटचे रस्ते आले. पण गंगाखेडच्या पुलावर एस.टी. चढली, की त्यांचा आवाज माझ्या कानात येतो आणि मी खिडकीतून सांध्याकडे बघतो. मला फारसे काही कळत नाही. पण बघतो. आपणही बघत चला, आणि ज्यांचे ते काम आहे त्यांना अधूनमधून विचारीत चला, "खीळ बघितली का?"